देवाची इच्छा ओळखायची कशी? रोजच्या निर्णयांसाठी चालून पाहिलेली वाट

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या सांगलीच्या घरात छातीपर्यंत आलं होतं. पाणी ओसरल्यावर मुलगा पुण्याहून चिखल काढायला आला आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाला, "आई, हे घर आता विका. तुम्ही दोघं माझ्याकडे या." त्या रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर आमच्या मंडळीतल्या एका बाईंनी माझा हात धरून सांगितलं, "देव तुम्हाला इथून उठवतोय, स्पष्ट दिसतंय." पुढच्या रविवारी दुसऱ्या एकीने तितक्याच कळकळीने सांगितलं, "देवाने तुम्हाला या गल्लीत साक्षीसाठी ठेवलंय, हलू नका." दोघीही पहाटे उठून प्रार्थना करणाऱ्या, दोघींचाही जीव माझ्यावर. आणि सांगणं अगदी उलट.

देवाची इच्छा ओळखायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या पाच-सहा महिन्यांत पायरी-पायरीने शिकावं लागलं. संडे स्कूलमध्ये मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, पण शिकवणं वेगळं आणि स्वतःच्या घराबद्दल ठरवणं वेगळं. नोकरी, लग्न, घर, शिक्षण, म्हाताऱ्या आईबापांची सोय असा कुठलाही प्रश्न तुमच्यासमोर असेल, तर ही वाट तुम्हाला चालता येईल म्हणून लिहिते आहे.

आधी एक सवय सोडावी लागेल

आपल्याकडे गावोगावी देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं किंवा तांदूळ चिकटवायचे, उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. आपली घराणी ख्रिस्ती झाली, तरी हाताला ती सवय राहिली असं मला वाटतं. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं आणि जे वचन येईल ते उत्तर मानायचं, हा कौलच आहे.

मी हे केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी नात्यातल्या एकाबरोबर पोल्ट्रीत पैसे घालायचे होते. प्रार्थना केली, शास्त्र उघडलं, तर जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 28 वा अध्याय निघाला. तुझ्या गुराढोरांची वीण आशीर्वादित होईल, असं वचन. मी रडले, इतका आनंद झाला. त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत आज्ञापालनाची अट आहे आणि थोडं खाली, 15 व्या वचनापासून, शापांची लांबलचक यादी आहे. तिकडे मी पाहिलंच नाही. खाद्याचा भाव काय, शेडवर कर्ज किती, रोग आला तर काय, यातलं काहीही विचारलं नाही. दोन वर्षांत पैसे गेले आणि नात्यात कडवटपणा आला तो आलाच. वर कितीतरी दिवस मी देवावर रुसून होते, की तूच सांगितलंस ना!

पावसाळ्यात पाणी आपल्या दारात येणार का, हे सांगलीचा माणूस कसं ओळखतो ते पाहा. अंगणातला पाऊस पाहून तो ठरवत नाही. कोयनेतून विसर्ग किती सोडला, वारणेला पाणी किती, आयर्विन पुलाजवळ किती फूट झालं, रात्रीतून चढतंय की थांबलंय, हे सगळं एकत्र पाहतो. एका खुणेवर सामान हलवत नाही आणि चार खुणा एकाच दिशेला दाखवू लागल्या की वाटही पाहत नाही. देवाची इच्छाही मला तशीच ओळखू आली. वचन, चौकशी, सल्ला, मनाची स्थिती, परिस्थिती यांचा मेळ पडताना.

पहिली पायरी: हा प्रश्न विचारायचा आहे का, ते पाहा

देवाची बरीचशी इच्छा आधीच सांगून झालेली आहे. नीतीने वागा, दयेची आवड धरा, देवाबरोबर नम्रपणे चाला, असं मीखा 6:8 मध्ये आहे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात 'देवाची इच्छा' हे शब्द जिथे सरळ येतात, तिथे आपलं पवित्रीकरण आणि सर्व स्थितींत उपकारस्तुती यांबद्दल बोलणं आहे (4:3 आणि 5:18).

म्हणून हुंडा घ्यावा का, यावर उपास-प्रार्थना करायची गरज नाही. खोटा उत्पन्नाचा दाखला काढावा का, भावाच्या हिश्शाची जमीन गुपचूप नावावर करावी का, स्थळ चांगलं आहे पण मुलीकडच्यांची 'पूर्वीची जात' कुठली ते बघावं का, हे प्रश्न देवापुढे 'मार्गदर्शनासाठी' मांडणं म्हणजे ऐकू आलेलं न ऐकल्यासारखं करणं. हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये यातल्या शेवटच्या प्रश्नावर फार हळू आवाजात आणि फार वेळा 'प्रार्थना' होते.

याउलट कित्येक गोष्टींत देवाने मोकळीक दिलेली आहे. कुठली साडी, कुठला मोबाइल, सुट्टीत पाचगणी की गणपतीपुळे, यात पापही नाही आणि छुपा हुकूमही नाही. अनुवाद 29:29 सांगतं की गुप्त गोष्टी परमेश्वराच्या, प्रकट केलेल्या आपल्या.

मधे उरतात ते खरे प्रश्न: दोन्ही वाटा चांगल्या, दोन्ही शास्त्राला धरून, आणि निवड आयुष्यावर परिणाम करणारी. पुढच्या पायऱ्या त्यांच्यासाठी आहेत.

दुसरी पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा आणि तारीख घाला

एक दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर प्रश्न लिहा. मी लिहिलं होतं: "घर विकावं का?" आमच्या ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हा तुझा प्रश्न नाही. तुला भीती वाटते ती पुढच्या पुराची नाही, आपण दोघंच राहिलो आणि आजारी पडलो तर काय, याची." खरं होतं ते. प्रश्न बदलला: "म्हातारपणी आपण कुठे आणि कोणाच्या सोबतीने राहावं?" प्रश्न बदलला तसे पर्यायही दोनाचे चार झाले. पुण्याला जाणं, इथेच राहणं, मिरजेकडे उंचावर भाड्याने राहणं, किंवा आहे त्या घरावर मजला चढवून खाली कमी सामान ठेवणं.

शेजारी तारीख लिहा. अमुक दिवसापर्यंत ठरवू. तारीख नसली की 'प्रभूची वाट पाहतोय' या वाक्याआड वर्षं निघून जातात. स्थळाकडचे लोक वाट पाहत राहतात, नोकरीचं पत्र मुदतीबाहेर जातं, आणि समोरच्याला नकार देण्याचं धैर्य नसलं तरी आपण तेच वाक्य वापरतो.

तिसरी पायरी: आपली इच्छा नाव घेऊन देवासमोर ठेवा

हीच सगळ्यांत अवघड आणि इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने काय केलं पाहा. हा प्याला माझ्यापासून दूर कर, असं त्याने आधी मागितलं. स्वतःची इच्छा लपवली नाही. आणि मग, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, असं म्हणाला. आपण बहुतेकदा पहिलं वाक्य गाळतो आणि दुसरं पाठ असल्यामुळे घडाघडा म्हणतो.

वहीत लिहा: "प्रभू, मला खरं म्हणजे ... हवं आहे." मग दुसरी ओळ: "तू उलट सांगितलंस, तर मला ... वाटेल." मी लिहिलं होतं की मला घर सोडायचं नाही, आणि तू जा म्हणालास तर मला राग येईल. ते लिहिल्यावर पुढचे तीन आठवडे माझी प्रार्थना एवढीच होती: जायला सांगितलंस तर जाण्याची तयारी दे. रोज तेच. एका सकाळी लक्षात आलं की पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत तुळस आणि कढीपत्ता ठेवता येईल का, याचा मी विचार करते आहे. त्या दिवसापासून मी खरी विचारायला लागले.

चौथी पायरी: वचन सलग वाचा

तुकडा शोधत फिरू नका. एक पुस्तक घ्या आणि सुरुवातीपासून रोज एक अध्याय वाचा. स्तोत्र 119:105 मध्ये वचनाला पावलांसाठी दिवा म्हटलं आहे. कंदील घेऊन रात्री शेतावर गेलेल्याला ठाऊक असतं, उजेड पुढच्या दोन-तीन पावलांपुरताच पडतो. बांधापलीकडचं दिसत नाही, पण ठेच लागत नाही.

आपल्या घरांत भिंतीवर सर्वांत जास्त टांगलेलं वचन बहुधा यिर्मया 29:11 असेल, तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत हे. त्या दिवसांत मी तो सगळा अध्याय वाचला. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्यांना पाठवलेलं पत्र आहे. लवकरच परत जाल असं सांगणारे संदेष्टे तेव्हाही होते आणि यिर्मया सांगतो की 70 वर्षं लागतील. तोवर घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. या वचनातून 'राहा' असा कौल मी काढला नाही, तशी फार ओढ झाली होती तरी. मी एवढंच घेतलं की कुठेही राहिले तरी त्या जागेचं भलं करणं माझं काम आहे, आणि जिथे ते करता येणार नाही असा पर्याय कमी पडेल.

मोहाच्या वेळी सैतानानेही स्तोत्र 91 मधली ओळ म्हणून दाखवली, हे मत्तय 4 मध्ये आहे. येशूने दुसऱ्या वचनाने त्याला उत्तर दिलं. एका वचनाला दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून पाहणं म्हणूनच लागतं.

पाचवी पायरी: चौकशी करा, तीही भक्तीच आहे

बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं प्रभूनेच लूक 14:28 मध्ये म्हटलं आहे. आम्ही पूररेषेचा नकाशा पाहिला. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची. घर कुठल्या रेषेत आहे, मजला चढवायला परवानगी मिळते का, पाया झेपेल का, विकलं तर आत्ता काय येईल (पुरानंतर लगेच फारच कमी सांगत होते), पुण्यात सूनबाईंना खरंच चालणार आहे का, औषधपाण्याला जवळ काय. सुनेला मी सरळ विचारलं. ती म्हणाली, "या आई, पण एका खोलीत चौघांचं कसं होईल हे मलाही कळत नाही." तिचं खरं बोलणं ही मला मिळालेली मोठी मदत होती.

नोकरीचा प्रश्न असेल तर तिथे काम करणाऱ्या दोघांना भेटा. स्थळ असेल तर मुलाच्या कामाच्या ठिकाणी, त्याच्या मंडळीत, शेजाऱ्यांत विचारा. आखातातली नर्सिंगची नोकरी असेल तर करारनामा कळणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. मिरजेच्या किती मुली एजंटच्या शब्दावर निघाल्या! प्रार्थना करून डोळे मिटायचे आणि मग उघडून कागद वाचायचा.

सहावी पायरी: तिघांना विचारा

मसलत नसली की बेत फसतात, सल्लागार पुष्कळ असले की सिद्धीस जातात, असं नीतिसूत्रे 15:22 सांगतं. पण पुष्कळ म्हणजे सगळी मंडळी नव्हे. तिघं पुरे: एक तुमच्याहून विश्वासात मुरलेलं, एक त्या विषयातलं जाणतं, आणि एक तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणू शकणारं. तिघांपैकी कोणाचाही तुमच्या निर्णयात फायदा नसावा. प्रश्न विचारताना आपला कल आधी सांगू नका. "आम्ही घर विकायचं म्हणतोय, बरोबर ना?" असं विचारलं की माणूस हो म्हणतो.

नवराबायकोत एकाला देवाने सांगितलं आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं वाटत असेल तर थांबा. कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट इथे आठवते. आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने नवा करार दिल्यापासून त्यांचं वाचन आणि झगडा सुरू झाला. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण पत्नी लक्ष्मीबाई त्या निर्णयात नव्हत्या. पुढे काही वर्षं ताटातूट झाली, आणि लक्ष्मीबाई 1900 मध्ये स्वतःच्या पावलांनी, स्वतःच्या खात्रीने ख्रिस्ताकडे आल्या. टिळकांचं पाऊल चुकलं असं मी म्हणत नाही. पण नवऱ्याला झालेली खात्री बायकोला आपोआप होत नाही, देव तिच्याशी वेगळं आणि तिच्या वेळेनं बोलतो, हे त्या घराकडे पाहिलं की कळतं. हेच टिळक 1917 मध्ये आपल्या शेजारच्या साताऱ्यात आले आणि मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची संगत सुरू केली. तेव्हा लक्ष्मीबाई सोबत होत्या.

सातवी पायरी: मनाकडे लक्ष द्या, पण लगेच विश्वास टाकू नका

"मला शांती वाटते, म्हणून ही देवाची इच्छा." हे वाक्य आपण रोज ऐकतो. ख्रिस्ताची शांती तुमच्या अंतःकरणात राज्य करो, असं कलस्सैकरांस 3:15 मध्ये आहे खरं, पण ते वचन मुळात मंडळीतल्या एकमेकांशी वागण्याबद्दल आहे. आणि योना संदेष्ट्याकडे पाहा. देवापासून पळून जाताना, वादळात, तो तारवाच्या तळाशी गाढ झोपला होता. गेथशेमानेत देवाच्या इच्छेच्या अगदी मधोमध असलेल्या येशूला मात्र घाम फुटला होता. सुटका झाल्याचा हलकेपणा आणि देवाची शांती दिसायला सारख्या असतात.

फरक ओळखायला वेळ लागतो. संत इग्नेशियस लोयोला हा स्पेनचा योद्धा, 1521 मध्ये तोफेच्या गोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळला. त्याने पाहिलं की शौर्याची आणि दरबारातली स्वप्नं रंगवताना मजा येते, पण नंतर मन कोरडं पडतं. ख्रिस्तासाठी जगण्याचे विचार केले की आनंद मागे टिकून राहतो. आम्ही प्रॉटेस्टंट घरातले, पण त्याची ही खूण मला फार उपयोगी पडली. मी एक आठवडा 'घर विकलंय' असं धरून जगले, दुसरा 'इथेच राहतोय' असं धरून. रोज रात्री एक ओळ लिहायची: आज देवाकडे, माणसांकडे मन ओढलं का आकसलं? विकल्याच्या आठवड्यात पहिले दोन दिवस फार मोकळं वाटलं. मग गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या मावशींकडे जाणं मी टाळायला लागले, असं वहीवरून दिसलं. राहण्याच्या आठवड्यात भीती होती, पण मी त्यांच्याकडे डबा घेऊन गेले होते.

त्याच इग्नेशियसचा दुसरा नियम: मन खचलेलं असताना आधी केलेला निर्णय बदलू नये. पुरानंतर, मृत्यूनंतर, भांडणानंतर, बाळंतपणानंतर काही आठवडे तरी मोठं काही ठरवू नका.

दारं आणि चिन्हं

देवाकडे खूण मागायला गिदोनाने रात्री लोकर ठेवली हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याआधी देवाने त्याला काय करायचं ते स्पष्ट सांगितलेलं होतं. लोकर त्याच्या डळमळणाऱ्या विश्वासाची होती, देवाने ती चालवून घेतली. "उद्या दहाच्या आत फोन आला तर हो" असं देवाशी ठरवू नका.

उघडं दार म्हणजेच होकार, हेही खरं नाही. त्रोवस गावात प्रेषित पौलासाठी दार उघडलं होतं, तरी त्याचा सोबती तीत भेटला नाही म्हणून तो पुढे गेला (2 करिंथ 2:12-13). त्याआधी, कृत्ये 16 मध्ये, आशिया प्रांतात मनाई झाली, बिथुनियात अडलं, मग मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला, आणि तेव्हा सोबत्यांनी मिळून ताडलं की देव तिकडे बोलावतो आहे. तिथे पोचल्यावर काय झालं? फिलिप्पैत फटके आणि तुरुंग. त्रास आला म्हणजे वाट चुकली, असा हिशेब पौलाने मांडला नाही.

इथे सावध राहा

तुमच्या लग्नाबद्दल किंवा पैशाबद्दल 'प्रभूने मला दाखवलं' असं कोणी सांगितलं, तर नम्रपणे ऐका आणि पहिल्या पायरीपासून तपासून पाहा. आत्म्यांची परीक्षा करा, ही आज्ञाच आहे (1 योहान 4:1). बिरुयाचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळत होते. सांगणारा प्रश्न विचारू देत नसेल तर तिथून उठा.

मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, सहन करणं ही देवाची इच्छा, असं कोणी बाईला सांगत असेल तर ते ऐकू नका. आधी सुरक्षित जागी जा. आणि आजाऱ्याला औषध बंद करायला सांगणाऱ्यांबद्दल मला फार वाईट वाटतं. डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये प्रभूचं बोलावणं मानून आपल्या भागात आले आणि 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं राहिलं. गोळी आणि प्रार्थना एकाच खाटेपाशी दिली जाताना या गावाने पाहिलेली आहे.

आठवी पायरी: ठरवा, आणि परत पाहण्याची तारीख लिहा

लिहिलेल्या तारखेला बसा. वही सुरुवातीपासून मोठ्याने वाचा. खुणा बहुतेक एका दिशेला असतील तर "प्रभूची इच्छा असेल तर" म्हणून (याकोब 4:15) ठरवून टाका. अगदी समसमान असतील तर दोन्ही वाटा मोकळ्या आहेत असं समजा आणि ज्यात प्रेम करायला जास्त वाव आहे ती धरा. ज्यांना सांगायचं त्यांना 'आम्ही असं ठरवलंय' म्हणा. 'देवाने सांगितलंय' म्हटलं की समोरच्याला बोलायला जागा राहत नाही आणि चूक झाली तर परतायला आपल्यालाही.

आम्ही फेब्रुवारी 2020 मध्ये ठरवलं: इथेच राहायचं, वर एक खोली काढायची, खाली फक्त धुऊन निघेल असं सामान. वर्षाने पुन्हा पाहायचं, आणि दोघांपैकी एकाला जिने चढवेनात की पुण्याला जायचं.

जुलै 2021 मध्ये पाणी परत आलं. खालच्या खोलीत शिरलं. मुलगा फोनवर म्हणाला, "बघितलंस आई?" त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात वही काढली. आम्ही काय मागितलं होतं, कोणाला विचारलं होतं, कशासाठी राहिलो होतो, सगळं तारखांसकट होतं. पूर येणारच नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. गल्लीतल्या दोन्ही मावशी आमच्या वरच्या खोलीत होत्या. एकीला खोकला झाला होता, म्हणून ह्यांनी स्टोव्हवर आलं घालून चहा ठेवला.